तळ्याला वाळवंट म्हणणारा

जळकोटच्या पुढं हायवेला लागून हॉटेल राजमुद्रा आहे. मे महिन्यातल्या एका दुपारी त्या हॉटेलच्या दारात पिकल्या लिंबाच्या रंगाची एक गाडी येऊन थांबली, आणि वॉचमनला वाटलं, हिचं टप कुठंतरी उडून गेलंय.

"कुठं धडकली का साहेब?" त्यानं काळजीनं विचारलं.

गाडीतला माणूस हसला. आधी नाकातून एक फुसकारा, मग घशातून तीन कोरडे ठोके. हापशाचं पाणी आटलं की दांडा हाणल्यावर जसा आवाज येतो, तसा.

काउंटरमागं महेश्वरी रजिस्टर भरत होती. काचेचं दार उघडं होतं, त्यातून ते हसणं आत आलं आणि तिच्या हातातलं पेन जागच्या जागी थांबलं. तोंड तिनं कधी पाहिलं नव्हतं. हसणं मात्र पाठ होतं. तीन वर्षांत तिनं ते किती वेळा ऐकलं असेल याला गणती नव्हती. मोबाइलवर, कानाला लावून, दात आवळून.

कुठं ऐकलं ते सांगितलं पाहिजे.

महेश्वरीचा बाप बंडप्पा. जळकोट फाट्यावर त्यानं बावीस उन्हाळे पाणपोई चालवली. पाडव्याला तीन रांजण वाळूत गळ्यापर्यंत पुरायचे, वर ओलं पोतं, पाण्यात वाळा. मृग निघेपर्यंत रोज सायकलला दोन कॅन अडकवून अर्ध्या कोसावरच्या विहिरीतनं पाणी आणायचं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाची पाटी नव्हती, कुठल्या पुढाऱ्याचा फोटो नव्हता. हैदराबादच्या वाटेवरचे ट्रकवाले त्याला नावानं ओळखत. त्याचा एकच नियम होता. तांब्या हातात द्यायचा. ओंजळीत वरून ओतायचं नाही. "वरनं डोणीत ओतत्यात, जनावराला," म्हणायचा. "माणसाच्या हातात तांब्या द्यावा. त्यानं त्याच्या मनानं प्यावं."

तीन वर्षांपूर्वी अशाच मेमध्ये एक मोठी पांढरी गाडी पाणपोईपाशी थांबली. तापली होती, बॉनेटमधून वाफ निघत होती. चार पोरं उतरली. बंडप्पानं चौघांच्या हातात तांब्या दिला. पिऊन झाल्यावर त्यातल्या एकानं बादलीनं रांजण उपसायला सुरुवात केली आणि पाणी गाडीवर ओतलं. एक रांजण बॉनेटवर, एक काचेवर. धूळ बसली होती म्हणे, व्हिडिओत गाडी चांगली दिसत नव्हती. तिसऱ्या रांजणाला हात घातला तेव्हा बंडप्पा धावला. "अवं सांडू नका, मागनं माणसं येत्यात," म्हणत खाली बसला आणि बंपरवरनं गळणारी धार ओंजळीत धरायला लागला. सकाळपासून सायकलीच्या सहा खेपा झाल्या होत्या त्याच्या. त्याला दुसरं काही सुचलं नाही.

बावीस सेकंदांचा व्हिडिओ. त्यात वाकलेला बंडप्पा, सरकलेला पटका, ओंजळ. आणि मोबाइलच्या मागून ते हसणं.

आठ दिवसांत त्याचं स्टिकर झालं. खाली अक्षरं होती, 'एक घोट दे ना.' सगळ्या तालुक्यात फिरलं. संध्याकाळी बसायचं ठरलं की ग्रुपवर बंडप्पा. कुणी साहेबाच्या पुढंपुढं केलं की बंडप्पा. महेश्वरीला ते तिच्या सख्ख्या मावसभावानं पाठवलं, हॉटेलच्या मॅनेजरनं पाठवलं. पाठवताना कुणाला काही वाटलं नाही. एका लग्नात तर पंगतीत बसलेल्या बंडप्पासमोर चार टारगट ओळीनं वाकले आणि ओंजळी धरून म्हणाले, "आप्पा, एक घोट द्या की!" पंगत हसली. बंडप्पा भरल्या ताटावरून उठला. फाट्यावर गेला, तिन्ही रांजण वाळूतनं उपटले आणि पालथे घातले. मग शेळ्या घेऊन गावामागच्या तळ्याच्या पाळूवर, मातीच्या बांधावर, खोपट घालून राहायला गेला. तीन वर्षं झाली, फाटा ओलांडून तो इकडं आला नाही. बाजार नाही, जत्रा नाही, कुणाच्या मातीला नाही.

महेश्वरीला माफी नको होती. माफीला काय लागतं? तोंड हलवलं की झाली. तिला एकच पाहिजे होतं. ह्या माणसानं आप्पापुढं ओंजळ धरून पाणी मागायचं, आणि मोबाइल तिच्या हातात असायचा.

आता तो काउंटरवर कोपर टेकून उभा होता. डोळ्यावर काळा चष्मा, अंगात सुती सदरा, मनगटाएवढं घड्याळ.

"कृष्णराज," त्यानं नाव सांगितलं. "इकडच्याच वाशीचे हिंमतराव माहितीयत ना? आजोबा माझे. राहतो पुण्यात. सुइट बुक आहे."

मॅनेजर आतून धावत आला, जिल्ह्यातल्या त्या बड्या पुढाऱ्याचं नाव ऐकून दोनदा वाकला. बरोबरच्या मुलीचं नाव श्रिया. ती उन्हानं लाल झाली होती, ओढणीनं मान पुसत होती. तिचं काम कॅमेऱ्याचं.

"मॅडम," कृष्णराज महेश्वरीला म्हणाला, "इथं वाळवंट कुठं मिळेल?"

"वाळवंट?"

"म्हणजे मैलोन् मैल काही नाही असं. कडक ऊन, उघडी गाडी, आणि मी. पाच भाग करायचेत. राजस्थानला कोण जातं एवढ्या लांब? मराठवाड्यात काय कमी रखरखाट आहे?" आणि ते हसणं.

"नळदुर्गचा किल्ला इथून जवळ आहे," श्रिया म्हणाली.

"किल्ले सगळेच दाखवतात गं."

महेश्वरीनं रजिस्टर मिटलं. "वाळवंट नाही सर आपल्याकडं. एक तळं हाये. आटलंय."

"फोटो आहे?"

तिनं मोबाइलवर दाखवला. आप्पाला भाकरी द्यायला गेली तेव्हा काढलेला. पांढरं फटक, भेगाळलेलं, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एक झुडूप नाही.

"अरे हे बघ! श्रिया, हे बघ! वाळवंटच आहे की!"

"तळं हाये सर."

"तू तळं म्हणून बघतेस म्हणून तुला तळं दिसतं. उद्यापासून लोक ह्याला वाळवंट म्हणतील, बघच तू. म्हण बरं. वाळवंट."

मॅनेजरनं डोळे वटारले. महेश्वरी म्हणाली, "सर, तळं हाये ते."

"हट्टी असतात इथली माणसं," कृष्णराज मॅनेजरला म्हणाला. मॅनेजर हसला. त्याला हसावंच लागत होतं.

तीन वेळा सांगितलं तिनं. जळकोटात कुणालाही विचारा, तळं म्हटलं की पुढं काय ते सांगावं लागत नाही. पाझर तलाव आटला की वर चार बोटं पापुद्रा धरतो. शेळी जाते, माणूस जातो. खाली काळा गाळ असतो, मेच्या शेवटापर्यंत लोण्यासारखा. मागल्या साली बाबू कुंभाराची म्हैस मधोमध रुतली, दोरखंड लावून सात माणसांनी ओढली. तिथं कुणी सायकलसुद्धा नेत नाही. वाळवंटात वाळू असते. तळ्यात गाळ असतो. एवढा फरक ज्याला शब्दातनं कळत नाही, त्यानं हिंमतरावांचा नातू असून काय उपयोग?

"गाडी खालपर्यंत जाईल ना?" श्रियानं विचारलं.

महेश्वरीनं त्या पोरीकडं पाहिलं. क्षणभर जीभ टाळूला लागली. 'गाळ' एवढा एकच शब्द. दोन अक्षरं.

"रस्ता पार खालपर्यंत जातो, मॅडम," ती म्हणाली. खोटं नव्हतं ते. रस्ता जातो. पुढं काय होतं ते रस्त्याला विचारा.

सकाळी सुइटमधून फोन आला. "गाडीतल्या आइसबॉक्समध्ये थंड भरून ठेवा. भरपूर. चिल्ड पाहिजे सगळं."

महेश्वरी स्वयंपाकघरात गेली. तिथं शांताक्का होती. अक्कलकोटाकडची बाई, वीस वर्षं हॉटेलांच्या भट्टीपुढं काढलेली, बोलण्यात अजून कानडी हेल. तिनं आइसबॉक्स पुढं ओढला आणि पाण्याच्या बाटल्या काढायला लागली.

"पाणी नको, अक्का. थंड मागितलंय त्यानं."

शांताक्काचा हात थांबला. आपल्याकडं पाहुण्याला 'काय घेणार, च्या का थंड' असं विचारतात तेव्हा थंड म्हणजे काय ते जगाला ठाऊक आहे. बाटलीतलं, रंगाचं, फसफसणारं, दातांना चिकटणारं.

"थंड म्हणजे थंड पाणी म्हणला असंल की तो."

"असंल. म्हणला थंड."

"महे." शांताक्कानं फ्रीजचं दार लावलं आणि तिच्याकडं नीट पाहिलं. "त्योच का ह्यो?"

महेश्वरीनं आइसबॉक्सचं झाकण उघडलं.

"हसला तवाच मला शंका आल्ती. अव्वा... अगं, पण पाण्यावरनं सूड घ्यू नाई. बाकी काय बी कर. जेवणात मीठ टाक, अंथरुणात खाजकुयली टाक, म्या आणून देते. पाणी नगं."

"त्यानं थट्टा कशावरनं केली?"

शांताक्कानं पाण्याच्या बाटल्या परत ठेवल्या. तिनं लाल, काळ्या, पिवळ्या बाटल्या एकावर एक रचल्या. सगळ्यात वर, महेश्वरीकडं न बघता, पाण्याची एक बाटली खोचली.

"ही त्या पोरीला. तिचा काय गुन्हा?"

महेश्वरीनं ती बाटली काढली नाही. पुढं जे झालं त्यात ह्या बाटलीचा हिशोब नीट लक्षात ठेवा.

साडेदहाला लिंबू रंगाची गाडी निघाली. महेश्वरीनं पोट दुखतंय सांगून अर्धी सुट्टी टाकली, स्कूटी काढली आणि मधल्या पांदीनं त्यांच्या आधी पाळूवर पोचली.

पाळूवर एक बाभूळ, बाभळीखाली बंडप्पाचं खोपट. बंडप्पा तळ्याकडं पाठ करून शेळीच्या पायातला काटा काढत होता. पासष्ट वर्षांचा माणूस, पण पाठीनं ऐंशीचा दिसायला लागला होता.

"आज कामाला न्हाईस?"

"हाये की. इथंच हाये काम."

"माय, चेहरा असा का तुझा?"

"ऊन लागलंय, आप्पा."

तिनं घागर हलवून बघितली. भरलेली होती. दोन तांबे पालथे ठेवलेले होते. मग ती बाभळीच्या बुंध्याला टेकून बसली.

गाडी आली. पाळूवरून सरळ खाली, तळ्यात. पापुद्र्यावर काठाकाठानं दोन फेऱ्या झाल्या, मागं पांढरा धुरळा उठला. लांबून बघायला खरंच चांगलं दिसत होतं, खोटं कशाला बोला. श्रिया काठाला उतरून तिपाई लावून उभी राहिली. कृष्णराज गाडीत उभा राहून दोन्ही हात पसरायचा, बसायचा, पुन्हा उभा राहायचा. तेच तेच चार वेळा. मग त्यानं आइसबॉक्स उघडला, वरची पाण्याची बाटली काढली, झाकण फिरवलं आणि कॅमेऱ्याकडं तोंड करून अख्खी बाटली डोक्यावर ओतली. केस झटकले. पाणी उडालं, उन्हात चमकलं.

एकदा करून जमलं नाही बहुतेक. दुसरी बाटली शोधायला त्यानं आइसबॉक्समध्ये हात घातला आणि एकेक लाल-पिवळी बाटली बाहेर काढून बघायला लागला.

महेश्वरीच्या ओठाचा एक कोपरा हलला. पाण्याची एकच बाटली होती, तीही त्यानं सांडली. माणूस बदलत नाही.

मग श्रियाला तिपाईसकट आत घेऊन त्यानं गाडी तळ्याच्या मधोमध नेली. मैलोन् मैल काही नाही असं दिसायला मधोमधच जावं लागतं.

मोठा आवाज झाला नाही. पापड मोडल्यासारखा एक बारीक कडका, आणि गाडीचं पुढचं चाक खाली गेलं. त्यानं रेस केली. रुतलेल्या गाडीची रेस करू नये हे बैलगाडीवाल्यालाही कळतं. मागची चाकं फिरली, काळा गाळ कारंज्यासारखा उडून लिंबू रंगावर, गाद्यांवर, आणि खुद्द मालकाच्या सदऱ्यावर पडला. गाडी पोटापर्यंत बसली. त्यानं टप बंद करायचं बटण दाबलं. टप अर्ध्यापर्यंत वर आलं, कड्कड् वाजलं आणि तसंच अधांतरी उभं राहिलं. जांभई देताना जबडा अडकल्यासारखं.

"कोण हाये रं तिकडं?" बंडप्पानं मान वळवली. "गाडी घातली का काय तळ्यात? अगं, सांग की जाऊन त्यास्नी!"

"सांगितलं मी, आप्पा. तीनदा सांगितलं. बसा तुमी."

बारा वाजले, साडेबारा वाजले. खाली मोबाइलला रेंज नव्हती. ते दोघं हात वर करकरून फिरले. कृष्णराज लाल बाटली प्याला, मग पिवळी, मग काळी. जितकं प्याला तितकी जीभ चिकट झाली असणार. श्रियानं एक घोट घेऊन बाटली टाकून दिली. एकाच्या सुमाराला दोघं पाळूकडं चालायला लागले. पाव कोस. वर सावली नाही, खाली तवा.

चढ चढून आले तेव्हा श्रियाचे ओठ पांढरे पडले होते. कृष्णराजचा चष्मा कुठं तरी गळला होता. अंगावर गाळ वाळून टरफलासारखा सुटत होता.

"पाणी," तो म्हणाला. "बाबा, पाणी आहे का?"

बंडप्पा उठलाच होता. सवयीचं शरीर. तांब्या घागरीत बुडवला, आधी पोरीच्या हातात दिला. "सावकाश पी, माय. एकदम नगं." श्रिया तिथंच मातीत बसली आणि घोट घोट प्यायला लागली.

दुसरा तांब्या भरायला बंडप्पा वळला तेव्हा महेश्वरी घागरीच्या पुढं उभी राहिली.

"आप्पा, थांबा. आधी ओळखा ह्याला."

कृष्णराजनं तिच्याकडं पाहिलं. "तू... हॉटेलातली? तू इथं काय करतेस? आम्ही फसलोय तिकडं, फोन लाव कुणाला तरी!"

"लावते. आधी एक बघा."

तिनं मोबाइल त्याच्या तोंडापुढं धरला. बावीस सेकंद. बाभळीखाली ते हसणं वाजलं, फुसकारा आणि तीन कोरडे ठोके. बंडप्पा हातातल्या तांब्यासकट वळला. त्यानं व्हिडिओ पाहिला नव्हता, पण ते हसणं तो विसरणार होता थोडाच?

"हसणारा कोण?" महेश्वरीनं विचारलं.

कृष्णराजनं स्क्रीनकडं पाहिलं, मग बंडप्पाकडं, मग पुन्हा स्क्रीनकडं. तोंडावरचा गाळ होता तसाच, पण त्याच्या आतून काहीतरी सरकलं.

"ती... गंमत होती. अगं, सगळेच टाकतात. मी स्टिकर थोडंच केलं?"

"तीन वर्षं हा माणूस फाट्यावर आला नाही."

"मला काय माहीत? ठीक आहे, सॉरी. सॉरी बाबा. बस? आता पाणी द्या."

"बघितलं, आप्पा? दोनदा सॉरी म्हणाला, तिसऱ्याला पाणी मागितलं. त्याच्या लेखी भाव तेवढाच हाये."

"ए, नीट बोल! माझे आजोबा कोण आहेत माहितीय ना? एक फोन केला तर तुझी नोकरी..."

"करा की. रेंज बाभळीखालीच येती, एक कांडी." ती बाजूला सरकली. "करा. सांगा हिंमतरावांना, जळकोटच्या तळ्याला वाळवंट समजून गाडी घातली म्हणून."

श्रिया रिकामा तांब्या हातात धरून बसली होती. ती हळू आवाजात म्हणाली, "ही खरंच तुझी क्लिप आहे?" त्याची नजर घागरीवर होती. घागरीच्या अंगावर घाम फुटला होता, तो ओघळत होता, आणि ह्याचा घसा वरखाली होत होता.

महेश्वरीला वाटलं होतं, आप्पा पाणी देणार नाहीत. तीन वर्षं ती हेच चित्र मनात रंगवत होती. हा मागतोय, आप्पा मान फिरवतायत. पण बंडप्पानं तिला हातानं बाजूला केलं.

"सर, माय. पाण्याला न्हाय म्हणता येत न्हाय."

त्यानं तांब्या बुडवून भरला. कृष्णराजनं दोन्ही हात पुढं केले, घ्यायला. बंडप्पानं तांब्या दिला नाही. तो उंच धरला, खांद्याच्या वर, आणि तसाच उभा राहिला.

"द्या ना," कृष्णराज म्हणाला.

"देतो की. वंजळ धर."

"काय?"

"वंजळ." बंडप्पाचा आवाज चढला नाही. "खाली बस. वरनं ओततो."

महेश्वरीनं मोबाइलचा कॅमेरा चालू केला. बावीस उन्हाळ्यांत तिनं आप्पाला कुणाच्या ओंजळीत ओतताना पाहिलं नव्हतं. दारुड्यालाही नाही, वेड्यालाही नाही, फाट्यावर पकडून आणलेल्या चोराला पोलिसांच्या देखत आप्पानं तांब्या हातात दिला होता.

कृष्णराज बसला. तहान लागल्यावर गुडघे वाकतात, आजोबा कोण ते गुडघ्याला ठाऊक नसतं. त्यानं ओंजळ धरली. बंडप्पानं धार सोडली. बारीक. ती ओंजळीच्या मधोमध पडेना, बोटांतून गळे, मनगटावरून घसरे. कृष्णराज पुढं वाकला, आणखी वाकला, गळणारं पाणी धरायला ओंजळ खाली खाली नेऊ लागला. मान तिरकी, तोंड उघडं, डोळे वर धारेकडं.

तीच पोज. हुबेहूब. फक्त पटका नव्हता.

महेश्वरीचा मोबाइल चालू होता. तिचा हात हलला नाही.

"सांडू नका," बंडप्पा म्हणाला, "मागनं माणसं येत्यात."

कृष्णराज दोन तांबे प्याला. प्यायल्यावर माणसाला आधी जीव येतो, मग राग. तो उठला आणि महेश्वरीच्या मोबाइलवर झेपावला. "डिलीट कर! डिलीट कर आधी!" मध्ये श्रिया उभी राहिली. बारीक पोर, पण मधे उभी राहिली. "हात लावू नकोस तिला," म्हणाली. "मी पण काढलाय."

तिनं काढला नव्हता, तिच्या हातात तर सगळा वेळ रिकामा तांब्या होता. महेश्वरीला ते ठाऊक होतं, धारेकडं बघत बसलेल्या कृष्णराजला नव्हतं.

तो बाभळीच्या बुंध्याशी गेला आणि मॅनेजरला फोन लावला. शिव्या तिच्यासाठी होत्या, गाडी काढायला ट्रॅक्टर मागत होता. मॅनेजरनं ट्रॅक्टरवाल्या सिदूला सांगितलं. सिदू जळकोटचाच. त्यानं विचारलं, "गाडी कुठं हाये?" पलीकडून उत्तर आलं, "वाळवंटात." सिदू म्हणाला, "मग राजस्थानातला ट्रॅक्टर बोलवा," आणि फोन ठेवला.

दुपार कलली. ते दोघं सावलीत बसले होते, एकमेकांकडं पाठ करून. महेश्वरीनं बापाच्या शेजारी बसून व्हिडिओ लावला. आवाज बंद करून. बंडप्पानं मोबाइल डोळ्याजवळ धरला, लांब धरला, पुन्हा जवळ धरला.

"ह्यो मी का?"

"तुमीच."

"पाठ ताठ दिसती की माझी."

"ताठच हाये."

त्यानं व्हिडिओ पुन्हा एकदा पाहिला. मग मोबाइल तिच्या हातात देत म्हणाला, "पाठव."

"कुणाला, आप्पा?"

"ज्यांनी ज्यांनी मला पाठवलं, त्या समद्यांला."

बाभळीखालच्या त्या एका कांडीवर तिनं पाठवला. मावसभावाला, मॅनेजरला, गावच्या ग्रुपवर. स्टिकर तिनं स्वतः केलं. खाली नवी अक्षरं घालायची गरज नव्हती. जुनीच चालली.

संध्याकाळी हॉटेलची गाडी येऊन त्या दोघांना घेऊन गेली, आणि मॅनेजरचा फोन आला, उद्यापासून येऊ नकोस. ती 'बरं' म्हणाली. शांताक्का तिच्याशी चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी घरी आली, पातेल्यात खिचडी घेऊन, आणि दारातूनच म्हणाली, "एक बाटली ठिवली हुती म्या. ती बी त्यानं डोक्यावर वतली म्हणं. मग म्या तरी काय करावं?" तिथं ते मिटलं.

हिंमतरावांना कुणी पाठवलं ते माहीत नाही. वाशीच्या बाजारात त्यांच्यापुढं ओंजळ धरायची कुणाची छाती नाही. पण त्यांची पाठ वळल्यावर धरतात, असं तिकडनं आलेली माणसं सांगतात.

गाडी तीन दिवस तळ्यात होती. तुळजापुराहून क्रेन आली तेव्हा क्रेनचंच चाक पापुद्र्यात गेलं, म्हणून आणखी एक दिवस. ह्या चार दिवसांत जळकोट तर आलंच, लांबच्या ईट गावापासूनची पोरं मोटारसायकली घेऊन आली. टप अर्धवट उघडलेली, गाळानं माखलेली लिंबू रंगाची गाडी बघायला. पाळूवर जत्रा भरली. जत्रेला तहान लागते. पहिल्या दिवशी घागर पुरली. दुसऱ्या दिवशी बंडप्पा सायकल घेऊन निघाला, फाट्यावर गेला. तीन वर्षांनी. पालथे घातलेले रांजण धुळीत तसेच होते. दोन तडकले होते, एक शाबूत होता. तो सायकलच्या कॅरियरला बांधून त्यानं पाळूवर आणला आणि बाभळीखाली गळ्यापर्यंत पुरला.

ईटचं एक पोरगं आलं, मोबाइल उगारूनच. "आप्पा, ते वाळवंट कुठलं?"

बंडप्पानं तांब्या त्याच्या हातात दिला. "आधी पी," म्हणाला. पोरगं प्यालं. मग बंडप्पानं खाली बोट दाखवलं.

"तळं हाये ते. गाडी घालू नगंस. गाळ हाये."